हरकत किती मीटरची?

शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर काहीतरी उगवणार आहे, हे नाशिकमध्ये सगळ्यांत आधी कळतं ते गल्लीतल्या कुत्र्यांना. त्यांची दुपारची झोपायची जागा जाते. पाठोपाठ फक्कीच्या पांढऱ्या रेघा येतात, खुंट्या येतात, एक माणूस टेप धरून उभा राहतो आणि दुसरा त्याला "अजून मागं, अजून मागं" म्हणत थेट नाल्यात उतरवतो. संध्याकाळी कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बातमी पडते: इथे बुद्धविहार होतोय. एरवी या ग्रुपवर टँकर आणि सुप्रभात याखेरीज तिसरा विषय नसतो. रात्रीची जेवणं उरकेपर्यंत बँकेतले, शाळेतले आणि कारखान्यातून निवृत्त झालेले, सगळेच नगररचनाकार झालेले असतात.

हरकतीचा मसुदाही त्याच रात्री तयार होतो. सुरुवात ठरलेली: "आमचा विहाराला विरोध नाही, पण..." या 'पण'नंतर पार्किंग येतं, मग आवाज, मग गर्दी, मग 'परिसराची शांतता' आणि शेवटी, दम संपत आल्यावर, ड्रेनेज. मला असे अर्ज वाचायला फार आवडतात. भावना ओतप्रोत आणि सर्व्हे नंबर चुकलेला. खाली सह्यांची रांग, त्यातल्या निम्म्या एकाच वळणाच्या.

त्याच प्लॉटवर गणपतीचं मंदिर येणार असतं, तर पार्किंगची एवढीच काळजी वाटली असती का, असा रकाना अर्जात नसतो. असायला हवा. या गावात काळाराम मंदिराच्या दारात २ मार्च १९३० रोजी दलितांच्या मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो काही वर्षं चालला. 'तुमचं इथे नको' हे ज्यांनी तिथे ऐकलं, त्यांची नातवंडं आता स्वतःच्या प्लॉटवर, स्वतःच्या वर्गणीतून बांधायला निघाली, तर त्यांना 'इथेच का?' हा प्रश्न जुन्या ओळखीचा वाटतो. पार्किंगची अडचण खरी असू शकते, नाही असं नाही. पण मग ती मोजून दाखवावी.

कारण शेजाऱ्यांना एक कडू गोष्ट सांगायची आहे. रहिवासी विभागातल्या खाजगी प्लॉटवर नियमात बसणारी इमारत कुणी मागितली, तर शेजाऱ्याला विचारायची तरतूदच नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. कलम ४४ खाली मालक अर्ज करतो, कलम ४५ खाली महापालिका मंजूर किंवा नामंजूर करते. या दोन कलमांच्या मध्ये शेजाऱ्याला खुर्ची ठेवलेली नाही. पेपरात 'हरकती व सूचना' म्हणून छापून येतं, ते प्रसंग वेगळे. एक, प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा. मुदत ३० दिवस. दोन, मंजूर आराखड्यात कलम ३७ खाली फेरबदल करायचा असतो तेव्हा. मुदत एक महिना. प्लॉटवर शाळेचं किंवा ग्रंथालयाचं आरक्षण असेल आणि ते बदलायचं असेल, तर नोटीस निघते, हरकत घेणाऱ्याला सुनावणी मिळते आणि शेवटचा शब्द शासनाचा असतो. एरवी तुमचा अर्ज म्हणजे नुसता अर्ज. त्यावर आवक क्रमांक पडतो, तो फायलीला लागतो आणि छाननी करणारा अभियंता त्यात एकच गोष्ट शोधतो: कुठला नियम मोडतोय? 'परिसराची शांतता' कुठल्या कलमात बसवायची, हे त्यालाही कुणी शिकवलेलं नसतं.

तेव्हा 'वाहतुकीची कोंडी होईल' असं लिहिण्याआधी समोरचा रस्ता मोजा. आराखड्यात किती, जागेवर किती, आणि मधल्या फरकावर कुणाची जास्वंद आहे तेही लिहा. ती बहुधा पहिल्या सहीवाल्याचीच निघते. पार्किंगचं गणित सोपं आहे. कारला २.५ बाय ५ मीटर, दुचाकीला १ बाय २. दहा कार म्हणजे नुसतं उभं राहायला १२५ चौरस मीटर. आत शिरायला आणि वळायला लागते ती जागा वेगळी. नकाशातली गाडी फार शहाणी असते. ती दोन खांबांच्या मधून अलगद बाजूला सरकून उभी राहते. खरी गाडी तसं करत नाही, म्हणून पेन्सिलीने तिचा मार्ग काढून बघा; आत गेलेली गाडी पुढच्या तीन हलवल्याशिवाय बाहेर येत नसेल, तर ती हरकत दमदार.

सामासिक अंतरांचंही तसंच. कुंपणापासून इमारतीपर्यंत सोडायची ती मोकळी पट्टी नकाशात नेहमी मोकळीच असते. प्रत्यक्षात तिथे आधी चपलांचं स्टँड येतं, मग हातपाय धुवायचे नळ, मग जनरेटर, आणि बुद्धपौर्णिमेला मांडव. आग लागली तर बंबाने कुठून जायचं, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारत नाही. विहार असो, मंदिर असो की मंगल कार्यालय, लोक जमणाऱ्या इमारतीचं खरं दुखणं या पट्टीत असतं. प्लॉट नासर्डी किंवा वालदेवीच्या काठाला असेल तर निळी पूररेषा आधी पाहा. ही साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा. तिच्या आत नवं बांधकाम नाही, मग हेतू कितीही पवित्र असो. आणि विमानतळाच्या उंची-निर्बंधांत जागा येत असेल, तर घुमटावरची छत्रावली, म्हणजे एकावर एक छत्र्यांचा तो कळससुद्धा उंचीत धरली जाते.

आता ट्रस्टकडे वळू, कारण तिकडे सगळं आलबेल आहे अशी कुणाची समजूत नको. तिकडे आधी भूमिपूजन होतं, मग कोनशिला बसते, मग नकाशा कुणी काढायचा याची बैठक होते. कोनशिलेवर नावं इतकी, की मोठं बांधकाम तेच. काही उत्साही मंडळी त्याहून पुढची: आधी पत्र्याच्या शेडमध्ये मूर्ती, 'परवानगी मागाहून बघू'. जागा सार्वजनिक असेल तर हा मार्ग थेट खड्ड्यात जातो. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी सार्वजनिक रस्ते, उद्यानं आणि जागांवर कुठल्याही धर्माचं अनधिकृत नवं बांधकाम होऊ देऊ नये, असा आदेश दिलेला आहे. मूर्ती एकदा बसली की हलवणं सगळ्यांच्याच जिवावर येतं. भावना दुखावतात, त्या दुखवायला माणसंही तयारच असतात.

कागदांचं म्हणाल तर सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, भूमी अभिलेखचा मोजणी नकाशा, झोन दाखला, अकृषिक वापराचा कागद, धार्मिक वापर म्हणून पोलिसांचं ना-हरकत पत्र, आणि ट्रस्टची धर्मादाय कार्यालयातली नोंद. गाडी अडते ती शेवटच्या कागदावर. परिशिष्ट-१ वर, म्हणजे त्या नोंदीच्या उताऱ्यावर, जे विश्वस्त आहेत त्यातले दोघे वारलेले, एक मुलाकडे पुण्याला, आणि अर्जावर सही करणाऱ्या अध्यक्षांचं नाव नोंदीत नाहीच. विश्वस्त बदलला की सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम २२ खाली ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो; तो दिलेला नसतो, कारण "आप्पा होते तोवर सगळं आप्पाच बघायचे." एवढ्या एका त्रुटीपायी वास्तुविशारदाचा चांगला नकाशा धूळ खात पडतो. नकाशा ऑनलाइन चढवताना निराळाच छळ. क्षेत्रफळ काढायला संगणकाला प्रत्येक रेघ बंद झालेली लागते. घुमटाची कमान एका टोकाला केसभर उघडी राहिली की त्याच्या लेखी तिथे खोलीच नाही.

दरम्यान कुणीतरी साठ दिवसांची आख्यायिका आणतं: साठ दिवसांत उत्तर नाही आलं की परवानगी मिळाली असं समजायचं. कायद्यात तसं आहे, पण पुढचं वाक्य कुणी वाचत नाही. प्रस्ताव नियमात बसणारा हवा, आणि अधिकाऱ्याने काही माहिती मागवली असेल तर दिवस तुमच्या उत्तरापासून मोजायचे. म्हणून त्रुटीपत्राला बहुधा एकोणसाठाव्या दिवशी जाग येते.

सगळ्यांत मजेदार प्रकरण म्हणजे लेआउटच्या मोकळ्या जागेवरचा विहार. लेआउट ४००० चौरस मीटरचा असेल तर १० टक्के, म्हणजे ४०० चौरस मीटर खुली जागा सोडावी लागते. २०२० पासून लागू झालेल्या राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे त्या जागेत १५ टक्क्यांपर्यंत बांधकाम चालतं, त्यातलं तळमजल्यावर १० टक्केच. म्हणजे तळाला ४० चौरस मीटर, साधारण ४३० चौरस फूट, आणि वर २०. काय बांधता येईल याची यादी आहे: व्यायामशाळा, क्लब हाऊस, बालवाडी, वाचनालय आणि, नीट वाचा, विपश्यना व योग केंद्र. प्रार्थनास्थळ यादीत नाही. तेव्हा बसून श्वासाकडे पाहता येतं, वंदना मात्र नियमात बसत नाही. इगतपुरीचं धम्मगिरी हे विपश्यना केंद्र ज्या जिल्ह्यात आहे तिथे ही अट वाचून कुणी दचकत नाही, उलट मिष्कील हसतं. नकाशावर मग 'ध्यान कक्ष' लिहिलं जातं, भिंतीत एक कोनाडा दाखवला जातो, आणि त्या कोनाड्याला सहा फुटांची उंची का, हे अभियंता विचारत नाही. माझं मत स्पष्ट आहे: हे करू नये. उद्या तक्रार झाली की 'वापर बदलला' एवढ्या दोन शब्दांवर सगळं कोसळतं. शिवाय ती जागा सगळ्या प्लॉटधारकांची. त्याच ४३० फुटांवर कुणाचा झुंबा आहे, कुणाचा भिशी गट.

या कागदी वनवासाला कंटाळून ट्रस्टचे एखादे काका म्हणतात, "सातवाहनांच्या काळी असलं काही नव्हतं." इथे मात्र मला त्यांना हाताला धरून त्रिरश्मीवर, म्हणजे आपल्या पांडवलेण्यांवर न्यावंसं वाटतं. तिथल्या २४ लेण्यांपैकी दहाव्यात सातवाहनांचा समकालीन क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ३००० कार्षापणांची, म्हणजे तेव्हाच्या नाण्यांची, कायम ठेव ठेवली: गोवर्धनातल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे (व्यावसायिक संघाकडे) २०००, दरमहा शेकडा एक दराने, दुसरीकडे १०००, शेकडा पाऊण दराने. मुद्दल मोडायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं. वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाला, राहणाऱ्या २० भिक्षूंना चिवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी १२ कार्षापणं, म्हणजे २४०. आणि २००० चं वर्षाचं व्याज बरोबर २४०. पै न् पै जुळते. वर हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवलं आणि फलकावर नोंदवलं, असंही कोरलेलं आहे. ठराव झाला, नोंदणी झाली, आणि प्रत अशी की वाळवी लागत नाही. त्या काळी काही नव्हतं म्हणे!

तिसऱ्या लेण्यात तर महसूल खात्याशी ज्याचा जन्मात एकदा संबंध आलाय त्याला गहिवरून येईल. गौतमीपुत्र सातकर्णीने राज्यवर्ष १८ मध्ये भिक्षूंना पश्चिम काखडी गावातलं २०० निवर्तनं (जमीन मोजायचं जुनं माप) शेत दिलं. अट अशी, की राजाच्या माणसांनी त्यात शिरायचं नाही आणि मिठासाठी खणायचं नाही. थोडक्यात साइट व्हिजिट माफ. वर्ष २४ मध्ये दुसरा आदेश: ते शेत कसलं जात नाही, गावही वसलेलं नाही, सबब नगराच्या सीमेवरची १०० निवर्तनं राजजमीन द्यावी. पर्यायी जागा, सहा वर्षांनी, आणि निम्मी. आजची गंमत अशी, की लेणी संरक्षित स्मारक असल्याने त्यांच्यापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीने. दोन हजार वर्षांपूर्वीच्या विहारांशेजारी नवा विहार काढायचा तर जुन्यांचीच हरकत.

आवाजाचं थोडक्यात. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. दोन माणसं शेजारी उभी राहून बोलली तरी ६० च्या आसपास जातं, त्यामुळे ५५ ची मर्यादा वाटते तेवढी सैल नाही. ट्रस्टने गच्चीवर कर्णा लावायचाच नाही. सभागृहात छोटे स्पीकर, तोंडं आतल्या बाजूला. रविवारी सकाळच्या वंदनेला तेवढे पुरतात. गंगापूर रोडच्या लॉन्सवरची वरात दारावरून जाताना खिडकीची काच थरथरते, तिच्याबद्दल त्याच ग्रुपवर 'नवरा कुणाचा?' एवढंच विचारलं जातं, ते सोडा.

बोधिवृक्ष हा वरकरणी निरुपद्रवी मुद्दा, पण मी तो पहिल्या पाचात धरतो. पिंपळाचं रोप सगळे हौसेने कुंपणाला चिकटून लावतात, कारण मधली जागा पार्किंगची. वीस वर्षांनी त्याची मुळं शेजाऱ्याच्या ड्रेनेजच्या चेंबरमध्ये आणि पाण्याच्या टाकीत शिरतात. तेव्हा तोडायला १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली परवानगी लागते, आणि पिंपळ तोडायच्या अर्जावर सही करणारा अजून जन्माला यायचाय. रोप लावायची जागा नकाशातच दाखवा, चेंबर आणि टाकीपासून लांब.

आणि शेजाऱ्यांनो, मंजुरी मिळाली म्हणून ग्रुपवर रडके चेहरे टाकत बसू नका. तुमच्या उपयोगाचा टप्पा पुढेच आहे: जोते तपासणी. जोतं झालं की त्याची नकाशाबरहुकूम तपासणी होते, आणि चूक दुरुस्त करणं तेव्हाच स्वस्त असतं. स्लॅब पडल्यावर अर्धा मीटर मागे घ्या म्हणणं म्हणजे कोर्ट. माहिती अधिकारात मंजूर नकाशाची प्रत काढा, ट्रस्टच्या माणसालाच सोबत घ्या आणि कुंपणापासून जोत्यापर्यंत मोजा. टेप ३० मीटरचा घ्या आणि दोघांनी दोन्ही टोकांना ताणून धरा. तो मध्ये लोंबला की अंतर आहे त्याहून जास्त भरतं, आणि तेवढ्या चार बोटांनी नियम पाळला गेल्याचं पाहून ट्रस्टवाले पेढे वाटायला लागतात.