फूटपाथ काढले की ट्रॅफिक सुटतो म्हणे!

"पुणेकरांनो जागे व्हा" असं वर लिहिलेला एक फॉरवर्ड सध्या सगळीकडं फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: फूटपाथ आणि सायकल ट्रॅक म्हणजे टॅक्स भरणाऱ्यांच्या पैशांची उधळपट्टी, ते काढले तर एक लेन वाढेल, सायकलवाले रोड टॅक्स भरत नाहीत, आपल्या हवेत सायकल चालत नाही, आणि लोक तसेही रस्त्यावरूनच चालतात, मरतात ते स्वतःच्या चुकीनं. मी असले मेसेज न वाचता पुढं जातो, पण हा आमच्या आत्यानं फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली हात जोडलेले इमोजी. आत्या सत्तरीची, गुडघे धरलेले, भाजी, बँक, देऊळ सगळं पायी. जिच्यासाठी फूटपाथ हवा तीच काढा म्हणतेय, मग गप्प कसं बसायचं.

आधी त्या लेनचं बघू, कारण सगळ्यात जास्त टाळ्या तिलाच पडल्यात. रस्ते कसे बांधायचे याचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमावलीत (आयआरसी 103) चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा सांगितलीय. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी तेवढीही नसते, पण धरू आहे. गाड्यांच्या एका लेनला लागतात साधारण 3.5 मीटर. म्हणजे फूटपाथ उखडून हातात आली अर्धी लेन. स्विफ्टची रुंदी आरसे सोडून 1.7 मीटरच्या वर जाते, आता या पट्टीत काय होणार हे सांगायला ट्रॅफिक इंजिनिअर लागत नाही, पार्किंग होणार, पहिल्याच संध्याकाळी. बरं, दोन्ही बाजूचे काढा, पण पुढचा चौक तेवढाच, पूल तेवढाच, सिग्नल तोच, रांग तिथंच लागणार. आणि फूटपाथवरची माणसं कुठं जाणार? हवेत तरंगणार नाहीत ना, तुमच्या त्याच नव्या लेनमधून चालणार, मग तुम्हीच हॉर्न वाजवणार.

रोड टॅक्सचं तर काय बोलावं. आरटीओत भरतो तो मोटार वाहन कर राज्य सरकारच्या तिजोरीत जातो. गल्लीतला रस्ता आणि फूटपाथ महापालिका करते, मुख्यतः मिळकतकर, जीएसटीपोटी राज्याकडून मिळणारी भरपाई, बांधकामाची शुल्कं असल्या पैशातून. मुंबईच्या मिळकतकराच्या बिलात तर पथकर अशी वेगळी ओळच असते, आणि ते बिल घरात गाडी आहे का बघून येत नाही. आत्या गेली कित्येक वर्षं मिळकतकर भरते, वेळेत भरून सवलत पण घेते.

आता तो "स्वतःच्या चुकीनं मरतात" वाला मुद्दा, हा मला नुसता चुकीचा नाही, घाणेरडा वाटतो. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्याच अहवालात 2022 साली देशात 1,68,491 माणसं रस्ते अपघातात गेली, त्यातली 32,825 पायी चालणारी. रोज नव्वदच्या आसपास. लोक रस्त्यावर का उतरतात ते बघायला कुठल्याही पेठेतून दोनशे पावलं चाला. कर्ब, म्हणजे फूटपाथची कड, जास्तीत जास्त 150 मिलिमीटर उंच असावा असं तीच आयआरसीची नियमावली सांगते, इथं फूटभर उंच, गुडघेदुखीवाल्यानं चढायचा कसा, चढलं की लगेच सोसायटीचं गेट म्हणून उतार, परत चढ, मग मधोमध महावितरणचा डीपी (विजेची पेटी), झाडाचा कट्टा, दोन ॲक्टिव्हा आणि पुढं पेव्हर ब्लॉक निघालेला खड्डा. उतरणारच माणूस. मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं की अडथळा नसलेला फूटपाथ हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्कात येतो. मेहरबानी नाहीये ती.

हवेचं म्हणाल तर हे शहर एकेकाळी सायकलींचंच होतं, आणि तेव्हाही मे महिना होताच की.

उधळपट्टीचं मात्र अर्धं खरं आहे, मान्य करतो, नाइलाजानं. 2006 च्या बीआरटीच्या (बसना वेगळी लेन देण्याच्या योजनेच्या) वेळी सातारा रोड, सोलापूर रोडला जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर विकास योजनेच्या पैशातून सायकल ट्रॅक झाले, केंद्र 50 टक्के, राज्य 20, पालिका 30, आणि त्यावर सायकल कमी आणि टेम्पो जास्त दिसले. नगरसेवकांच्या स यादीतून (त्यांनी सुचवलेल्या कामांच्या निधीतून) धडधाकट फूटपाथ उखडून नवे ब्लॉक बसवणं तर आपण सगळ्यांनी बघितलंय. पण वाईट बांधलं म्हणून बांधूच नका हा कुठला न्याय? उड्डाणपूल तर पुण्यात बांधून पाडलेत, विद्यापीठ चौकातला विसरलात? तेव्हा नाही कुणी म्हणालं की आता मोटारींवर खर्च बंद.

खरंच पैशांची काळजी असेल तर फॉरवर्डपेक्षा एक कामाचं सांगतो. पालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांना आपल्या प्रभागातली कामं सुचवायची सोय 2006 पासून आहे, अर्ज क्षेत्रीय कार्यालयात, एका कामाला मर्यादा 5 लाखांची राहिलीय. त्यात अख्खा रस्ता होत नाही, पण कोपऱ्यावरचा रॅम्प होतो, तुटलेला तुकडा दुरुस्त होतो. मागताना नुसतं "फूटपाथ करा" लिहू नका, कुठून कुठपर्यंत, उंची किती, गेटपाशी पातळी सलग ठेवा असं लिहा, नाहीतर परत तेच पेव्हर ब्लॉक येतील.