गाडी मुलांनाच करू द्या

मुलांना ढकलणं-ओढणं शिकवायला खेळण्यातल्या तयार गाड्या आणा, असं एका लेखात वाचलं; ते म्हणणं पटलं नाही. आपल्या मध्य प्रदेशातच 1972 साली शाळेतल्या मुलांना प्रयोगांतून विज्ञान शिकवणारा होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम सुरू झाला. अभियंते अरविंद गुप्तांनी तिथे आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबपासून खेळणी केली.

इंदूरला आमच्या कॉलनीतल्या पोरांकडून मी पुठ्ठ्याची गाडी करवून घेते. बाटलीच्या झाकणांची चाकं. दोरीनं ओढतात, बोटानं ढकलतात, इथवर सोपं. फुगा बसवला की मात्र सगळे थबकतात: हवा मागे सुटते, गाडी पुढे पळते. “हिला कुणी ढकललं?” पोरंच विचारतात. लगेच उत्तर देऊ नका हो, फुग्याच्या तोंडाशी हात धरू द्या! आणि चाकांमधली काडी स्ट्रॉमध्ये मोकळी फिरायला हवी, नाहीतर गाडी अडते.