तिसऱ्या पातळीचा स्लॉट आहे, मग फायरबॉल का नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावरच्या भूमिका-खेळातल्या मल्टिक्लास (म्हणजे एकाहून जास्त क्लास, अर्थात पेशे, घेतलेल्या) कॅरेक्टरच्या स्पेलकास्टिंगवर, म्हणजे मंत्र टाकण्यावर, मी लेख लिहिला होता, त्यावरची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. तिथेच उत्तर लिहायला बसलो, पण ते लांबत गेलं, म्हणून इथे वेगळं टाकतोय.

बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं आधी सांगतो. क्लेरिक (पुजारी) ३ आणि विझर्ड (जादूगार) २ अशा लेव्हल असलेल्या कॅरेक्टरला तिसऱ्या पातळीचे दोन स्लॉट (स्पेल टाकायला खर्च करायची शक्ती) मिळतात, तरी त्याला फायरबॉल हा तिसऱ्या पातळीचा विझर्ड स्पेल तयार करता, म्हणजे दिवसासाठी निवडून ठेवता, येत नाही, असं मी लिहिलं होतं. तुमच्या मते हे साफ चूक आहे, कारण तुमच्या जुन्या प्लेअर्स हँडबुक या नियमपुस्तकात विझर्डच्या प्रकरणात ज्या पातळीचे स्लॉट आहेत त्या पातळीचे स्पेल घेता येतात असं छापलंय. शिवाय पॅलाडिन ५ आणि सॉर्सरर २ यांची स्लॉट ठरवणारी बेरीज मी ४ दिली, ती ५ हवी होती, हा दुसरा आक्षेप. आणि शेवटी तुम्ही लिहिलंत की असले कीस पाडून मी नवीन खेळाडूंना टेबलापासून लांब ढकलतोय. हे वाक्य मला लागलं, कारण हा लेख मी नवीन खेळाडूंसाठीच लिहिला होता.

पॅलाडिनचं आधी संपवतो, कारण तिथे चूक माझी आहे. २०१४ च्या नियमांत पॅलाडिन आणि रेंजरच्या लेव्हलचं अर्ध करताना खाली उतरायचं असतं. पाचाचे दोन, त्यात सॉर्सररचे दोन, झाले चार. २०२४ च्या पुस्तकात हेच अर्ध वर न्यायचं असतं. पाचाचे तीन, अधिक दोन, म्हणजे तुमचे पाच. फरक छोटा दिसतो, पण बेरीज ४ असेल तर स्लॉटचा तक्ता दुसऱ्या पातळीवर थांबतो आणि ५ झाली की तिसऱ्या पातळीचे दोन स्लॉट पदरात पडतात. मी २०१४ चा नियम सांगत होतो आणि तसं कुठेच लिहिलं नव्हतं. आज मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. तुम्ही हे दाखवलंत त्याबद्दल मनापासून आभार.

फायरबॉलबद्दल मात्र मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे.

तुम्ही सांगितलेलं वाक्य पुस्तकात आहे, नाही असं नाही. पण ते विझर्डच्या प्रकरणात आहे, आणि ते प्रकरण फक्त विझर्ड असलेल्या कॅरेक्टरशी बोलतं. मल्टिक्लासचे नियम सहाव्या प्रकरणात आहेत. कोणते स्पेल येतात आणि कोणते तयार करता येतात हे प्रत्येक क्लाससाठी वेगवेगळं ठरवायचं, जणू तुमचा तो एकच क्लास आहे, असं तिथे सांगितलंय. आमच्या टेबलावर आम्ही हे हातानेच करतो. कॅरेक्टर शीट समोर घ्यायची आणि 'क्लेरिक ३' वर तळहात ठेवायचा. उरला विझर्ड २. नुसत्या विझर्ड २ ला पहिल्या पातळीचे तीन स्लॉट असतात, म्हणून तयार करता येणारे विझर्ड स्पेलही पहिल्याच पातळीचे. मग हात 'विझर्ड २' वर. उरला क्लेरिक ३, त्याचे स्पेल दुसऱ्या पातळीपर्यंत. हे ठरलं की हात उचलायचा आणि दोन्ही लेव्हलची बेरीज करून तक्त्यात पाचची ओळ बघायची: पहिल्या पातळीचे चार, दुसऱ्याचे तीन, तिसऱ्याचे दोन. स्लॉट दोन्ही क्लासमध्ये सामाईक, स्पेल ज्याचे त्याचे.

स्पेलबुकमध्ये उतरवून घेण्याबद्दलही तुम्ही विचारलंय. २०१४ च्या पहिल्या छपाईत खरोखरच असं होतं की सापडलेला स्पेल तुमच्याकडे स्लॉट असलेल्या पातळीचा असेल तर उतरवता येतो. त्यातून नेमका हाच गोंधळ झाला आणि २०१५ च्या शुद्धिपत्रात ते बदललं. आता तो तुम्हाला विझर्ड म्हणून तयार करता येणाऱ्या पातळीचा असावा लागतो. तुमची प्रत पहिल्या छपाईची असणार. तेव्हा तुम्ही चुकीचं वाचलेलं नाही, पुस्तकच पुढे बदललं.

या सगळ्याच्या मुळाशी 'लेव्हल' हा शब्द आहे. कॅरेक्टरची लेव्हल, क्लासची लेव्हल, स्पेलची लेव्हल, सगळ्याला एकच नाव. या खेळाचे सहनिर्माते गॅरी गायगॅक्स यांनाही हे खटकलं होतं. १९७८ च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये त्यांनी लिहिलंय की वेगवेगळे शब्द वापरायचा विचार झाला होता, पण 'लेव्हल' इतका रुळला होता की तोच राहू दिला. आपल्याला मराठीत सोय आहे. मी कॅरेक्टर आणि क्लासला 'लेव्हल' म्हणतो आणि स्पेलला 'पातळी'. एवढ्यानेच निम्मे प्रश्न विचारायची वेळ येत नाही.

आता तुमचा तिसरा आक्षेप. त्यासाठी आमच्या टेबलावर घडलेली गोष्ट सांगावी लागेल.

माझी मामेबहीण हेच कॅरेक्टर खेळते, क्लेरिक ३, विझर्ड २. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मी. ती पाचव्या लेव्हलला आली तेव्हा तिनेही तुमच्यासारखंच विचारलं, आणि मीही पुस्तक न उघडता हो म्हणालो. आमच्यात एक मित्र पहिल्या लेव्हलपासून निव्वळ विझर्ड खेळत होता. त्याच लेव्हलला त्याला फायरबॉल मिळाला होता, आणि त्याने कित्येक रविवार त्याची वाट पाहिली होती. मामेबहिणीने त्याच्याच स्पेलबुकातून फायरबॉल उतरवून घेतला. १५० सोन्याची नाणी आणि खेळातले सहा तास, झालं काम. तिसऱ्या पातळीचे स्लॉट दोघांचे सारखेच, दोन-दोन. वर तिच्याकडे क्युअर वूंड्स, चिलखत आणि ढाल. त्या दिवशी पहिला फायरबॉल तिने टाकला. सगळे टाळ्या वाजवत होते, आणि तो मित्र हातातले आठ सहाबाजू फासे एकेक करून डबीत परत ठेवत होता. बोलला काही नाही. पुढचे दोन रविवार तो आला नाही.

मग मी पुस्तक काढलं, दोघांना फोन केला, चूक माझी आहे हे सांगितलं. मामेबहीण आधी हिरमुसली. तिला समजवायला मला शब्द सापडत नव्हते, तेव्हा तिनेच ते शोधले. म्हणाली, "म्हणजे मोठं पातेलं आणलं म्हणून मला बासुंदी येईल असं नाही. पण येतात ते पोहे त्यात जास्त माणसांना पुरतील." याहून नेमकं मला आजही सांगता येत नाही.

तिचे पोहे बघा. मॅजिक मिसाइल पहिल्या पातळीच्या स्लॉटमधून तीन बाण सोडतो, तिसऱ्यातून पाच. नेम चुकायचा प्रश्नच नाही, म्हणजे कमीत कमी दहा नुकसान ठरलेलंच. २०१४ च्या नियमांत स्लीपचे पाच आठबाजू फासे नऊ होतात. क्लेरिककडून आलेला होल्ड पर्सन तिसऱ्या पातळीच्या स्लॉटमधून टाकला तर एकाऐवजी दोन माणसं जागच्या जागी खिळतात. एकदा तुरुंगाच्या दारावर दोन पहारेकरी होते, तिने दोघांवर एकदम टाकला आणि दोघांचेही सेव्ह (स्पेलपासून वाचण्यासाठी टाकायचे फासे) फसले. शीटवरचा तो चौकोन पेन्सिलने काळा करताना तिच्या चेहऱ्यावर फायरबॉलच्या दिवसापेक्षा जास्त आनंद होता, हे मी समोर बसून पाहिलंय. सगळेच स्पेल असे फुगत नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवं. स्पिरिच्युअल वेपन दर दोन पातळ्यांनी वाढतो, त्यामुळे २०१४ च्या नियमांत तो तिसऱ्या पातळीच्या स्लॉटमधून टाकणं म्हणजे स्लॉट वाया.

आणि कॅन्ट्रिप, म्हणजे स्लॉट न लागणारे छोटे स्पेल, तर कॅरेक्टरच्या एकूण लेव्हलवर वाढतात, क्लासच्या नाही. तिचा विझर्ड दोनच लेव्हलचा असला तरी पाचव्या लेव्हलला तिचा फायर बोल्ट दोन दहाबाजू फाशांचा होतो. फक्त आकडे मिसळायचे नाहीत. फायर बोल्ट बुद्धिमत्तेवर जातो, सेक्रेड फ्लेम विस्डमवर. तिची बुद्धिमत्ता १४ आणि विस्डम १६ आहे, म्हणून विझर्ड स्पेलचा सेव्ह डीसी (समोरच्याने वाचायला गाठायचा आकडा) १३ आणि क्लेरिकचा १४. शीटवर दोन्ही वेगळे लिहून ठेवले की खेळताना अडत नाही.

तुम्ही या नियमाला शिक्षा म्हणालात. मला तो उलट मायेचा वाटतो, कारण आधीचे नियम आठवतात. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक क्लासचे स्लॉटही वेगळेच असायचे. क्लेरिक ३, विझर्ड २ म्हणजे थोडे इकडचे, थोडे तिकडचे, आणि तिसऱ्या पातळीचा एकही नाही. तिथे मॅजिक मिसाइलचे बाण विझर्डच्या लेव्हलवर ठरत, म्हणजे दुसऱ्या लेव्हलच्या विझर्डचा एकच बाण. असं कॅरेक्टर पुढे इतकं मागे पडायचं की त्याला हात द्यायला मिस्टिक थिअर्ज नावाचा वेगळा प्रेस्टीज क्लास (ठरावीक अटी पूर्ण केल्यावरच घेता येणारा क्लास) काढावा लागला. आज तिच्या हातात पाच बाण आहेत. उशीर होतो तो नवीन पातळीचे स्पेल शिकायला, आणि तो व्हायलाच हवा. नाहीतर जो एकाच क्लासला धरून राहिला त्याने काय कमावलं?

तुमच्या टेबलावर तुम्ही फायरबॉल देत असाल तर अडवणारा मी कोण? डीएमला तो अधिकार आहेच. एवढीच विनंती की निव्वळ विझर्ड खेळणारा कुणी असेल तर पहिल्या दिवशीच त्याच्या कानावर घाला. मी घातलं नव्हतं.

वॉरलॉक या क्लासचं जाता जाता. त्याच्या लेव्हल बेरजेत धरायच्या नाहीत. त्याचे पॅक्ट स्लॉट वेगळे राहतात आणि शॉर्ट रेस्टनंतर, म्हणजे छोट्या विश्रांतीनंतर, परत मिळतात. मात्र ते खर्च करून दुसऱ्या क्लासचे स्पेल टाकता येतात, आणि उलटंही.

आता तुमचं पॅलाडिन ५, सॉर्सरर २. तुम्ही २०२४ वर खेळताय असं धरतो. पुढची लेव्हल सॉर्सररची घेतलीत तर बेरीज ६ होते, तिसऱ्या पातळीचा आणखी एक स्लॉट मिळतो, सॉर्सररचे दुसऱ्या पातळीचे स्पेल उघडतात आणि सबक्लास, म्हणजे क्लासमधली खास शाखा, तीही येते. पॅलाडिनची घेतलीत तर सहाचे अर्धे तीनच, बेरीज ५ वरच राहते, स्लॉट एकही वाढत नाही. पण ऑरा ऑफ प्रोटेक्शन मिळतो. तुमचा करिश्मा मॉडिफायर तुमच्या आणि दहा फुटांतल्या साथीदारांच्या प्रत्येक सेव्हमध्ये मिळवला जातो. मी असतो तर आधी पॅलाडिन ६ केला असता, आणि सॉर्सरर त्यानंतर.