लंडन-पॅरिस: जाताना २ तास २० मिनिटं, येताना २० मिनिटं? साफ खोटं

‘लंडनहून पॅरिसला विमानाने जाताना २ तास २० मिनिटं लागतात, येताना फक्त २०, कारण पृथ्वी फिरते. तिकिटावरच्या सगळ्या वेळा लंडनच्याच असतात, म्हणून घड्याळ बदलू नका.’ हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. मी दुर्लक्ष करत होतो. काल मावशीचा फोन आला. पुढच्या महिन्यात ती आणि काका तिकडे चाललेत. हे वाचून तिने काकांच्या मोबाइलमधली आपोआप वेळ बदलण्याची सेटिंग बंद करून टाकली आहे!

आधी हे घड्याळाचंच बघू, कारण यात विमान चुकेल. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावची स्थानिक वेळ असते. पॅरिस लंडनच्या एक तास पुढे आहे. मावशीचं विमान लंडनहून ९:३० ला निघून ११:५० ला पोचतं. त्यातला एक तास घड्याळाचा, प्रवास १ तास २० मिनिटांचा. परतीचं १७:०० ला निघून १७:२० ला पोचतं, तिथेही प्रवास तेवढाच. तिने प्रिंटवर निळ्या पेनाने लिहिलंय, ‘३ ला विमानतळ’. हातातलं घड्याळ लंडनचं ठेवलं तर तिच्या तीनला पॅरिसमध्ये चार वाजलेले असतील. बॅगा द्यायच्या, पासपोर्ट तपासणी व्हायची, आणि हातात उरणार जेमतेम तास.

आता पृथ्वी. विमान सुटतं तेव्हा जमीन, हवा आणि विमान एकत्रच फिरत असतात. पॅरिस पुढे पळत नाही आणि लंडन जवळ येत नाही. दोन शहरांत सरळ रेषेत सुमारे ३४४ किमी अंतर आहे, आणि पॅरिस लंडनच्या पूर्वेला असण्यापेक्षा दक्षिणेला जास्त आहे. ते २० मिनिटांत कापायचं तर ताशी हजार किमीच्या वर सरासरी हवी. प्रवासी जेट पूर्ण उंचीवर साडेआठशे-नऊशेने जातं, आणि इथे बराचसा वेळ चढण्या-उतरण्यातच जातो.

मुळात तो एक तास सूर्यामुळेही नाही. सूर्याच्या हिशोबाने दोन शहरांत फरक जेमतेम ९ मिनिटं २१ सेकंदांचा. १९११ च्या फ्रेंच कायद्यात हाच आकडा आहे: देशाची वेळ म्हणजे पॅरिसची वेळ, ९ मिनिटं २१ सेकंद मागे केलेली. म्हणजे लंडनचीच वेळ, फक्त ती जिथून मोजतात त्या ग्रिनिचचं नाव न घेता. १९४० मध्ये जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरलं आणि घड्याळं बर्लिनप्रमाणे लागली. युद्ध संपलं तरी फ्रान्स त्याच वेळेवर राहिला. पृथ्वीच्या फिरण्याने यातलं काही घडलेलं नाही.

वाऱ्याने मात्र वेळेत थोडा फरक पडतो, हे मान्य. लंडन-न्यूयॉर्कसारख्या लांब मार्गावर पश्चिमेच्या वाऱ्यांमुळे जाण्या-येण्यात तासाभराचा फरक पडतो. इथे पडलाच तर काही मिनिटांचा.

‘अंतर ४६० किमी, ट्रेनने दिवस जातो’ हेही त्याच मेसेजमध्ये आहे. ४६० हे साधारण रस्त्याचं अंतर. युरोस्टार ही ट्रेन लंडनच्या सेंट पॅनक्रास स्टेशनहून पॅरिसच्या गार द्यू नोर स्टेशनला सव्वादोन-अडीच तासांत पोचते.

मावशीला सांगितलंय: काकांची सेटिंग आत्ताच चालू कर, पॅरिसला उतरल्यावर हातातलं घड्याळ एक तास पुढे कर, आणि प्रिंटवर लिही, ‘३ ला विमानतळ, पॅरिसचे ३’.