आधी डब्याचं बूड बघावं

घरात मूल आलं की बारशाच्या आधी एक काम उरकून घ्यावं. प्लॅस्टिकचे सगळे डबे ओट्यावर पालथे घालावेत आणि प्रत्येकाच्या बुडावरचा त्रिकोण वाचावा. त्रिकोणात १ ते ७ पैकी एक आकडा असतो. हे डब्याला परीक्षेत पडलेले गुण आहेत असं धरून चालावं. खरं तर तो आकडा नुसता प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो. अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगाने १९८८ साली पुनर्वापरासाठी ही खूण काढली. ती आपल्यापेक्षा सोसायटीत कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना जास्त कळते. पण त्यांना विचारायला जाऊ नये. आपण शिकलेले आहोत.

मी हे एका रविवारी केलं. एकतीस डबे निघाले आणि त्यातले पैसे देऊन आणलेले फक्त नऊ. बाकीचे श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे, पार्सलच्या पनीरचे. शिवाय दोन निळे टब, जे बोहारणीने आईच्या जरीच्या साडीवर आणि माझ्या एका धडधाकट पँटवर दिले होते. (पूर्वी तेवढ्यात स्टीलचं पातेलं यायचं.) श्रीखंडाच्या एका डब्याचं बूड केशरी झालं होतं. आमटीची हळद आणि फोडणीचं तेल त्यात असं मुरलं होतं की घासणीही हरली. आमटी डब्यात एवढी शिरली, तर डब्यातलंही काही आमटीत उतरत असेल का? असले प्रश्न रविवारी पडू देऊ नयेत. डबा उन्हात ठेवावा. रंग उडाला की विषय संपला.

मग खरेदीला निघावं. ‘बीपीए-फ्री’ लिहिलेली बाटली साध्या बाटलीच्या चौपट किमतीला घ्यावी. बीपीए म्हणजे बिस्फेनॉल ए. १९३०च्या दशकात लंडनला चार्ल्स डॉड्स नावाचे संशोधक कृत्रिम इस्ट्रोजेनच्या शोधात होते, तेव्हा हे रसायन स्त्री-संप्रेरकासारखं वागतं हे त्यांच्या लक्षात आलं. औषध म्हणून ते मागे पडलं. पुढे त्यापासून काचेसारखं स्वच्छ, न फुटणारं पॉलिकार्बोनेट निघालं आणि त्याच्या दुधाच्या बाटल्या झाल्या. औषधाच्या वर्गात बसलेला उमेदवार थेट पाळण्यात पास झाला. त्याला तिथून काढायला युरोपला २०११ आणि अमेरिकेला २०१२ साल उजाडलं.

बाटलीची पावती मात्र दातात धरावी. इलाज नसतो, एका हातात मूल असतं आणि दुसऱ्या हातात पिशवी. त्या गुळगुळीत कागदावर शाई नसतेच, उष्णतेने काळा पडणारा थर असतो. त्यात बऱ्याचदा बीपीए असतं, किंवा त्याचा चुलत भाऊ बिस्फेनॉल एस, आणि तेही सुटं, बोटाला लागेल असं. बाटलीत नको म्हणून जे चौपट पैसे देऊन टाळलं, ते पावतीवर फुकट मिळतं.

रात्री मूल झोपलं की वाचन करावं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये बीपीएची रोजची सुरक्षित मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ४ मायक्रोग्रॅमवरून ०.२ नॅनोग्रॅमवर आणली, म्हणजे वीस हजार पटींनी कमी केली. त्याच वर्षी जर्मनीच्या संस्थेने सांगितलं, इतकं काही नाही, २०० नॅनोग्रॅम चालेल. दोन्ही संस्थांतले लोक तज्ज्ञ. रात्री एक वाजता, पाठीवर मूल थोपटत, या वादाचा निकाल आपणच लावायचा असतो. लागला नाही तर आणखी एक बाटली मागवावी. काचेची मागवली तर उत्तम. तिला प्लॅस्टिकचं झाकण आणि रबरी मोजा मिळतो.

‘मायक्रोवेव्ह-सेफ’ हे शब्द दिसले की डोळे मिटून वरण गरम करावं. डबा वितळणार नाही, वाकडा होणार नाही, एवढीच त्या शब्दांची मुख्य हमी. वरणाबद्दल ते फारसं बोलत नाहीत. ऑफिसात टपरीवरचा उकळता चहा पिशवीत बांधून येतो, तोही प्यावा. २०१८ पासून राज्यात त्या पिशव्यांना बंदी आहे, म्हणून टपरीवाला ती गल्ल्याखालून काढतो. काळजी घरी करायची असते. ऑफिसात करू नये.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२० मध्ये त्रिकोणात ५ असलेल्या, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनच्या, बाटल्या तपासल्या. ७० अंशांचं पाणी ओतून बाटली हलवली तर लिटरमागे १.६ कोटींपर्यंत सूक्ष्म कण निघाले. थंड पाण्यात फारच कमी. ते कण पोटात जाऊन नेमकं काय करतात, यावर अजून काम चालू आहे. त्यांनी सुचवलेला उपाय साधा आहे: पावडरीचं दूध प्लॅस्टिकच्या नसलेल्या दुसऱ्या भांड्यात कालवावं, निवू द्यावं आणि मग बाटलीत ओतावं. हा उपाय करू नये. त्याला पाच मिनिटं लागतात आणि तो कुठे विकत मिळत नाही. त्यापेक्षा पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत जाऊन तांब्याची बाटली आणावी आणि मुलाला त्यात लिंबू सरबत भरून द्यावं. आंबट तांब्यात ठेवू नये म्हणून आज्या कल्हई करून घ्यायच्या. पण त्यांच्या काळी लेबलं कुठे होती?

एकतीस डबे ओट्यावर पालथे असताना आई आत आली.
“काय मांडलंयस रे हे?”
मी सांगितलं. बिस्फेनॉल, प्लॅस्टिक मऊ करणारं थॅलेट, नॅनोग्रॅम, सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.
“माळ्यावर तुझ्या मुंजीतले आठ डबे पडलेत. स्टीलचे. शिडी आण.”

डबे निघाले. प्रत्येकावर माझं नाव, खाली तारीख, त्याखाली एका आत्याचं नाव, मशीनच्या टिंबाटिंबांच्या अक्षरांत. झाकण काढायला चमच्याचं टोक लागलं, इतकं घट्ट. सोमवारी थोरल्या नातवाच्या डब्यात तिने आमटी-भात भरला, झाकण तळहाताने ठोकून बसवलं. मग स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेल्या पिशव्यांच्या पिशवीतून एक पिशवी काढली आणि गरम डबा तिच्यात घालून करकचून गाठ मारली.

“दप्तरात सांडायला नको,” ती म्हणाली.