अर्जांची अकरा वर्षं

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुनाच वाद पुन्हा पेटला. पुण्याच्या आतेभावाने लिहिलं, 'दादाभाई, गोखले आयुष्यभर नुसते अर्ज करत बसले. अर्जांनी कुठे स्वातंत्र्य मिळतं?' एके काळी मीही असंच तावातावाने बोलायचो. आमच्या दिवाणखान्यात टिळकांची तसबीर होती, गोखल्यांची नव्हती. फिलाडेल्फियाजवळ बारा वर्षं राहिल्यावर मात्र माझं मत पालटलं आहे.

त्याला कारण लेकीचा गृहपाठ. तिला अमेरिकेचा 1776 चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा मोठ्याने वाचायचा होता. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याच्याविरुद्धच्या तक्रारींची लांबलचक यादी संपली, आणि पुढचंच वाक्य आलं त्याचा आशय असा: प्रत्येक वेळी आम्ही अत्यंत नम्रपणे अर्ज केले, उत्तरादाखल पुन्हा पुन्हा अन्यायच वाट्याला आला. मी तिला ते वाक्य परत वाचायला लावलं. साम्राज्य झुगारणारी माणसं आपले अर्ज पुरावा म्हणून जगापुढे ठेवत होती!

अर्ज थोडेथोडके नव्हते. 1765 मध्ये कागदपत्रांवर कर लादणाऱ्या स्टॅम्प कायद्याविरुद्ध अमेरिकेतल्या नऊ ब्रिटिश वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले, ते राजनिष्ठेची ग्वाही देतच. पुढच्या वर्षी तो कायदा गेला, पण वसाहतींवर वाटेल तो कायदा लादण्याचा हक्क पार्लमेंटने त्याच वेळी लिहून ठेवला. मग चहाचा कायदा आला, कर्जात रुतलेल्या ईस्ट इंडिया कंपनीला तारण्यासाठी. हो, आपल्या ओळखीची तीच कंपनी. डिसेंबर 1773 मध्ये बॉस्टनला निषेध म्हणून चहाच्या 342 पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या आणि लंडनने ते बंदरच बंद केलं.

1774 मध्ये फिलाडेल्फियात भरलेल्या काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, राजाला पुन्हा अर्ज केला, पण सोबत ब्रिटिश मालावर बहिष्कारही पुकारला. तो पाळला जातो का, हे बघायला गावोगाव समित्या निवडल्या गेल्या. राजाचे गव्हर्नर निष्प्रभ झाले तेव्हा अनेक ठिकाणी कारभार हाती घ्यायला याच समित्या तयार होत्या. मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टनला इंग्रज सैन्याशी पहिली चकमक झडल्यावरही, जुलै 1775 मध्ये, एक शेवटचा अर्ज गेला. राजाने तो स्वीकारलाच नाही, उलट वसाहतींना बंडखोर ठरवलं. काठावर बसलेल्या कित्येकांची उरलीसुरली आशा त्या नकाराने संपली.

आतेभावाचं एक मला मान्य आहे. दबाव नसेल तर अर्ज कुजतो. मॅसॅच्युसेट्समधल्या गुलामांनीही त्याच वर्षांत स्वातंत्र्यासाठी अर्ज केले होते; ते कुणी मनावर घेतले नाहीत, आणि गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारा परिच्छेद जाहीरनाम्याच्या मसुद्यातून काढून टाकला गेला. टिळकांची घाई मला आजही पटते. पण 1906 मध्ये कलकत्ता काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून 'स्वराज्य' हा शब्द कुणी उच्चारला? 81 वर्षांच्या दादाभाईंनी. आयुष्यभर इंग्रजांपुढे हिशेब मांडून झाल्यावर.

आतेभाऊ उन्हाळ्यात इकडे येतोय. त्याला मी जॉन डिकिन्सनबद्दल सांगणार आहे. तो शेवटचा अर्ज त्याने लिहिला होता. 2 जुलै 1776 ला स्वातंत्र्याच्या मतदानाच्या वेळी तो सभागृहात आपल्या जागेवर बसलाच नाही, जाहीरनाम्यावर त्याची सही नाही. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तो आपली पलटण घेऊन इंग्रजांविरुद्ध न्यूजर्सीकडे निघाला.