घ्या, दिला!

गोल्फला सहसा पंच नसतो. नियम मोडला की खेळणाऱ्यानेच हात वर करून आपला दंड जाहीर करायचा. पुण्याहून आलेल्या आमच्या साडूंनी ही माहिती दिली तेव्हा मी विषय बदलून पाहिला. सांगली-मिरजेच्या माणसांत पंच उभा असतानाही पायचीतचा वाद गणपतीपर्यंत मिटत नाही. पण सकाळी फिरायला येणारी मंडळी पेटली होती. सांगली विरुद्ध मिरज, सहा होल, एकास एक, आणि सगळं खेळीमेळीत. खेळीमेळीत म्हटलं की आमच्याकडे आदल्या रात्री कुणाला झोप लागत नाही.

मैदान म्हणजे हरिपूरच्या बाजूचं, अण्णांचं ऊस तुटून गेलेलं रान. होलचा, म्हणजे चेंडू ज्यात घालायचा त्या खड्ड्याचा, व्यास १०८ मिलीमीटर लागतो. अण्णांकडे पाइपलाइनचे ११० मिलीमीटरचे तुकडे पडून होते, तेच जमिनीत ठोकले. बाहेरून मोजलं तर मोठा, आतून मोजलं तर लहान, यावर चांगलंच वाजलं. भोवती ग्रीन, म्हणजे बारीक कापलेली हिरवळ, हवं म्हणून तेवढी जागा शेणाने सारवली. रंगही साधारण जुळला.

मग हँडिकॅप. जितका खेळ कच्चा तितके टोले माफ, जास्तीत जास्त ५४. मिरज पडलं दवाखान्यांचं गाव. मंडळी गुडघ्यांचे एक्स-रे घेऊनच आली. आम्हीही शुगरचे रिपोर्ट काढले. शेवटी सगळेच ५४ वर गेले, फरक शून्य, म्हणजे कुणालाच काही माफ नाही.

खरी मेख पुढेच होती. एकास एक सामन्यात तुमचा चेंडू होलजवळ थांबला की समोरचा ‘दिला’ म्हणू शकतो. पुढच्या टोल्यात तो आत गेला असं धरतात. असा दिलेला पट, म्हणजे होलजवळचा हलका टोला, नाकारता येत नाही. पंगतीत जिलबीचा आग्रह झाला तर निदान पानावर आडवा हात तरी धरता येतो! १९६९ च्या रायडर कपमध्ये, म्हणजे अमेरिका विरुद्ध ब्रिटन अशा सांघिक गोल्फ लढतीत, अमेरिकेच्या जॅक निकलसने ब्रिटनच्या टोनी जॅकलिनला शेवटचा छोटा पट असाच दिला, अख्खी लढत १६-१६ अशी बरोबरीत सुटली आणि निकलसचाच कर्णधार सॅम स्नीड नाराज झाला. ती तर व्यावसायिक माणसं. आम्ही हौशी, त्यात यजमान.

माझ्यासमोरचे मिरजकर काका पहिल्या होलपासून उदार. हातभर अंतर असलं की ‘दिला’. दोन हात असलं तरी ‘घ्या हो, दिला’. मग मी कसा मागे राहणार? मी तीन-तीन हातांवरचे दिले. साडू लांबून डोळे वटारत होते. पाच होल बरोबरीत सुटले, आणि पाइपात अजून एकही चेंडू पडलेला नव्हता.

सहाव्याला काकांचा चेंडू मी सवयीने देऊन बसलो. माझा वीतभरावर थांबला. हा पडला की बरोबरी. मी काकांकडे पाहिलं. काका नदीकडे तोंड करून, ऐन फेब्रुवारीत, कृष्णेची पातळी न्याहाळत होते.

मी खोकलो. “काका, वीतभरच आहे.”

“हो की, सोपा आहे. मारा.”

मारला. शेणाच्या पोपड्यावरून चेंडू पाइपाला वळसा घालून पलीकडे गेला.

“हा दिला,” काका लगेच म्हणाले.

नंतर भडंग होतं. माझ्याच घरचं भडंग माझ्याचपुढे करत काका म्हणाले, “घ्या हो, लाजताय काय?” हे नाकारायला नियमाची आडकाठी नव्हती. नाकारलं. साडूंनी दोन वाट्या घेतल्या.